कोणता केसरी?

आमच्या धारूरकडे जत्रेचा फड म्हणजे गावाच्या वर्षाच्या आनंदाची बेरीज. सुगी उरकलेली असते, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या घाट चढून घरी परतलेल्या असतात, आणि उन्हे कलली की हलगी कडाडू लागते. आधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग शंभर-दोनशेच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी जोड. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका फडावर मी मांडी ठोकून बसलो होतो. कर्ण्यावरून पुकारा झाला, की आता मैदानात येत असलेला पैलवान हा प्रत्यक्ष महाराष्ट्र केसरीच्या तालमीतला पठ्ठा आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी मुंडासे बांधलेले एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. चंचीतले सुपारीचे खांड तोंडात टाकून त्यांनी मला विचारले,

"बाप्पा, कोनत्या केसरीच्या म्हनं? औंदा दोन झालेत न्हवं?"

मला उत्तर देता आले नाही. म्हातारबाबांनी अक्षरओळख किती केली असेल देव जाणे. पण साऱ्या महाराष्ट्रातील कुस्तीच्या कारभाऱ्यांना पेचात टाकील असा प्रश्न त्यांनी विचारला होता. कुस्तीत जिंकणारा एक असतो आणि हरणारा एक असतो, एवढे तर रेवडीसाठी झोंबणाऱ्या पोरालाही कळते. मग ज्या पदवीसाठी सारा महाराष्ट्र श्वास रोखून बसतो, ती पदवी एकाच वर्षी दोघांच्या खांद्यावर कशी? आणि ती दोघांच्या खांद्यावर असेल, तर ती पदवी आहे की लग्नातला आहेराचा फेटा, येईल त्याला बांधावा असा?

दिवाळीच्या दिवसांत गोडधोड सोडून कडू विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. अभ्यंगस्नानापूर्वी कारीट पायाखाली चिरडण्याची आपली रीतच आहे. तेवढे कडू जिभेला लागल्याखेरीज फराळाला चव येत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली १९५३ साली, मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने. महाराष्ट्र केसरीचा पहिला मान दिनकर दह्यारी यांनी मिळवला तो १९६१ साली, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. आमच्या मराठवाड्याच्या मातीत ही पदवी जन्मली, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. पुढे १९६९ साली लातुरास हरिश्चंद्र बिराजदार केसरी झाले. दुसऱ्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि नंतर आयुष्यभर पोरे घडवली. त्या काळी केसरी म्हणताच पुढे "कोणता?" असे विचारावे लागत नसे. गावाचे नाव आणि साल सांगितले की पैलवानाचे नाव आपोआप जिभेवर येई.

याहून बोलकी गोष्ट आहे १९६३ सालची. त्या वर्षी साताऱ्यास स्पर्धा झाली, पण निर्णय लागला नाही. मग कारभाऱ्यांनी काय केले? कोणाच्या तरी माथी पदवी मारली? दोघांत वाटून दिली? छे. केसरींच्या यादीत त्या सालापुढे 'अनिर्णित' असे लिहिले, आणि ते आजतागायत तसेच आहे. मला तर वाटते, त्या यादीतील सर्वांत अभिमानाची जागा ती रिकामी जागा होय. जो ठरला नाही तो आम्ही सांगणार नाही, असे म्हणण्याचे धैर्य तिच्यात आहे. आजचे कारभारी त्या जागी असते तर साताऱ्यास एक केसरी झाला असता आणि पंधरा दिवसांनी फलटणास दुसरा.

ही थट्टा नव्हे. गेल्या काही वर्षांतील घटनाच पाहा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यास शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना हरवून गदा उचलली. तत्पूर्वी माती विभागातील सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत पंचांनी दिलेल्या चार गुणांवरून एवढा गदारोळ झाला, की केसरी कोण झाला यापेक्षा ते चार गुण खरे की खोटे यावरच गावोगावचे पार रंगले. येथवर ठीक. पंचाचा निर्णय वादाचा ठरणे हे कुस्तीला नवे नाही. पण त्याच २०२३ सालच्या नोव्हेंबरात काय झाले? संघटनेत फूट पडलेली. एका गटाने पुण्याजवळ फुलगावास स्पर्धा भरवली. तेथे अंतिम लढतीत सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना पहिल्याच मिनिटात अस्मान दाखवले आणि ते महाराष्ट्र केसरी झाले. त्याच महिन्यात दुसऱ्या गटाने धाराशिवास स्पर्धा भरवली. तेथे शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरवले, आणि तेही महाराष्ट्र केसरी झाले!

वाचकहो, पुन्हा एकदा सावकाश वाचा. जो मल्ल महिन्याच्या पूर्वार्धात केसरीपदाची कुस्ती हरला, तोच महिन्याच्या उत्तरार्धात केसरी झाला. यात त्या मल्लाचा यत्किंचितही दोष नाही. त्याला जेथे बोलावले तेथे तो लढला, आणि मर्दासारखा लढला. दोष त्यांचा, ज्यांनी एका आखाड्याचे दोन केले आणि मग दोन्हीकडे एकच पाटी लावली.

बरे, यातून काही शहाणपण आले म्हणावे, तर तसेही नाही. २०२५ साली हाच प्रयोग एकाच जिल्ह्यात झाला. २ फेब्रुवारीस अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळ केसरी झाले. तेथे गादी विभागाच्या लढतीत आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असे म्हणत शिवराज राक्षे यांनी पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत गुणावरून वाद घालून महेंद्र गायकवाड मैदान सोडून निघून गेले. दोघांचेही तीन वर्षांसाठी निलंबन जाहीर झाले. लाथ ती लाथच, तिचे समर्थन मी करणार नाही. पंचावर पाय उगारणाऱ्या पठ्ठ्याला जुन्या वस्तादाने आधी तालमीबाहेर काढले असते आणि मग कारण विचारले असते. पण पंचावर मल्लाचा विश्वास का उरला नाही, हा प्रश्न तीन वर्षांच्या निलंबनाने सुटत नाही, केवळ झाकला जातो. आणि पुढे? दोन महिने उलटतात न उलटतात तोच, मार्चअखेरीस, त्याच जिल्ह्यातील कर्जतला दुसरी स्पर्धा झाली. तेथे वेताळ शेळके यांनी पृथ्वीराज पाटील यांना हरवले आणि तेही महाराष्ट्र केसरी झाले. एक जिल्हा, दोन मैदाने, दोन गदा. आमच्या म्हातारबाबांनी "कोनता?" म्हणून विचारले, ते उगाच नव्हे.

यावर कारभाऱ्यांच्या बाजूने बोलणारे शहाणे म्हणतील, "अहो, बिघडले कुठे? दोन स्पर्धा म्हणजे पैलवानांना दुप्पट संधी. दोन गदा, दोन मोटारगाड्या, दोन घरांत दिवाळी. तुमच्या पोटात का दुखते?" युक्तिवाद वरवर गोड आहे. पण मी विचारतो, दहावीच्या परीक्षेत राज्यात दोन मंडळे निघाली, दोघांनीही आपापला मुलगा राज्यात पहिला म्हणून जाहीर केला, आणि दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही, तर गुणवान मुलांना दुप्पट संधी मिळाली असे आपण म्हणू काय? खोटे नाणे आणि खरे नाणे एकाच बाजारात फिरू लागले म्हणजे गावाची श्रीमंती दुप्पट होत नाही. दोन्ही नाणी लोक दाताखाली चावून पाहू लागतात, एवढेच होते. आज प्रत्येक केसरीला लोक असे चावून पाहत आहेत. त्यात खरा मल्लही भरडला जातो, आणि त्याचे दुःख त्याला सांगताही येत नाही.

शिवाय ही केवळ मानपानाची गोष्ट नाही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे तीन-तीन वेळा केसरी झाले, आणि राज्याने त्यांना पोलीस खात्यात उपअधीक्षकाच्या जागी घेतले. पदवीमागे असा भाकरीचा प्रश्न आहे. आता दोन केसरी असले तर सरकारने कोणाला हाक मारायची? दोघांना? की ज्याच्या गटाचा वशिला मंत्रालयात त्या साली चालतो त्याला? पदवी लढतीवरून ठरली की ती मल्लाची असते. पदवी गटावरून ठरली की ती गटाची होते, आणि मल्ल गटाचा गडी होतो. दुप्पट संधी म्हणतात ती ही.

कारभाऱ्यांचे भांडण मल्लाच्या माथी कसे फुटते, हे देशानेही पाहिले आहे. राष्ट्रीय महासंघाच्या निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडला जागतिक स्पर्धा झाली. अंतिम पंघाल या पोरीने तेथे कांस्यपदक जिंकले, पण भारताच्या नावाने नव्हे. तटस्थ खेळाडू म्हणून! पदक तिचे, घाम तिचा, आणि तिरंग्याची जागा रिकामी. खुर्चीवरचे भांडतात आणि मातीवरचे भोगतात.

आता आमच्या गावची तरुण पोरे मला म्हणतात, "काका, तुम्ही मातीत काय अडकून पडलात? जग कुठे गेले बघा." आणि ती मोबाइलवर त्या जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यातल्या झुंजी दाखवतात. कुस्ती, मुष्टियुद्ध, लाथा, गळफास असे सारे एकत्र असलेली ही मिश्र युद्धकला. यूएफसी नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९३ साली डेन्व्हरला तिचा पहिला फड भरवला. धारूरच्या वेशीवर चहा पीत बसलेल्या पोरांना आज तिकडच्या प्रत्येक वजनातल्या पट्टेवाल्याचे नाव पाठ असते, आणि या आठवड्यात कोण तिसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर घसरला यावर पैजा लागतात. मी रागावलो नाही. मी त्यांच्याबरोबर बसून पाहिले. पाहण्यासारखे आहे, आणि शिकण्यासारखेही.

शिकण्यासारखे पहिले म्हणजे तेथेही हा रोग आहे. ती क्रमवारी लढतींच्या गणिताने ठरत नाही. २०१३ पासून वार्ताहरांचे एक मंडळ मते देऊन ती ठरवीत आले. म्हणजे तेथेही कुस्ती मैदानात आणि निकाल कागदावर. सर्वांत जड वजनात टॉम ॲस्पिनॉल हा इंग्रज मल्ल नोव्हेंबर २०२३ पासून 'हंगामी' विजेता म्हणून बसून होता, आणि खरा पट्टा जॉन जोन्स या अमेरिकनाकडे होता. दीड वर्षाहून अधिक काळ एका वजनाचे दोन धनी. साऱ्या जगाने आरोळ्या ठोकल्या, की या दोघांची एकदा गाठ घालून द्या. ती कधी पडलीच नाही. जून २०२५ मध्ये जोन्सने निवृत्ती जाहीर केली आणि ॲस्पिनॉल न लढताच पूर्ण विजेता ठरला. त्याच्या हक्काची लढत त्याला मिळाली नाही, ही रुखरुख त्यालाही असेल आणि पाहणाऱ्यालाही आहे. मुष्टियुद्धात तर चार संघटना आणि एकेका वजनाला चार-चार पट्टे अशी तऱ्हा. तेव्हा दोन केसरींचा शोध आपल्याच कारभाऱ्यांनी लावला असे समजून त्यांनी मिशीला पीळ देऊ नये. जगात हा धंदा जुना आहे.

पण शिकण्यासारखे दुसरेही आहे, आणि ते आपल्या वर्मी बसणारे आहे. तेथे निदान हंगामी विजेत्याला 'हंगामी' म्हणतात. क्रमवारी खरी असो की खोटी, ती पंधराव्या क्रमांकापर्यंत उघड छापतात, आणि कोण कोणाकडून हरला याची नोंद जगातल्या कोणालाही पाहता येते. आपल्याकडे केसरी सोडला तर राज्यात दुसरा कोण, तिसरा कोण, हे सांगणारा एक कागद धारूरच्या तालमीत दाखवा, मी त्याला माझ्या हाताने फेटा बांधीन. आणि तेथे लहान वजनाच्या मल्लाला त्याचा स्वतःचा पट्टा आहे. डेमेट्रियस जॉन्सन हा मल्ल ५७ किलोच्या आतल्या वजनात लढत असे. त्याने आपला पट्टा सलग ११ वेळा राखला, आणि लोकांनी त्याला सर्वश्रेष्ठांच्या पंगतीत बसवले.

आपल्याकडे तो असता तर? तो महाराष्ट्र केसरी होऊच शकला नसता!

हे आपल्या मानाच्या क्रमवारीतील जुने पाप आहे, आणि दोन गदांच्या भांडणात ते सोयीस्करपणे झाकले गेले आहे. केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा. त्यातून गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता यांची अंतिम गाठ पडते आणि गदा ठरते. याखालच्या वजनांतही अधिवेशनात कुस्त्या होतात, पदके मिळतात, पण ती कोण पाहतो? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांची नावे शोधण्यास भिंग लागते. थोर मल्ल मोठ्या वजनात झाले नाहीत असे मी म्हणत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी सुवर्णपदके आणली, त्यांना माझा त्रिवार मुजरा. पण जगाच्या सर्वोच्च मैदानावर महाराष्ट्राची मान कोणी उंचावली? १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वजन ५७ किलोंच्या आत. कुस्तीतले ऑलिंपिक पदक त्यानंतर महाराष्ट्रात आलेले नाही. आणि २०१९ साली नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकणारा राहुल आवारे. वजन ६१ किलो. हा राहुल कुठला? आमच्याच बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा, याच बालाघाटाच्या डोंगराचा, बिराजदार मामांचा आणि काका पवारांचा शिष्य. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोंत सुवर्णपदक मिळवले, २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, राज्याने त्यालाही पोलीस उपअधीक्षक केले.

खाशाबा केसरी नव्हेत. राहुल केसरी नव्हे. जगाने ज्यांना व्यासपीठावर उभे केले, त्यांना आपल्या सर्वोच्च मानाच्या वजनकाट्यावर उभे राहण्याची सोय आजच्या नियमांत नाही. मग हा मान कौशल्याचा, की मांसाचा?

खाशाबांची आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. हेलसिंकीच्या निवडीत त्यांना डावलले गेले तेव्हा त्यांनी वेगळी संघटना काढली नाही, वेगळी स्पर्धा भरवून घेतली नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, की मला प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा लढवा. कुस्ती पुन्हा झाली, खाशाबांनी ती जिंकली आणि ते हेलसिंकीस गेले. गावोगाव वर्गणी गोळा झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. क्रमवारीचा वाद मिटवण्याचा महाराष्ट्राला ठाऊक असलेला हाच एक सरळ मार्ग: पुन्हा जोड लावा. कागद नको, ठराव नको, पत्रकार परिषद नको. जोड लावा!

हे सारे मी धारूरहून का लिहितो आहे? पुण्या-कोल्हापूरच्या भांडणात या डोंगरावरच्या माणसाने का पडावे? सांगतो.

तुम्ही हा अंक हातात घेऊन फराळ करीत असाल, त्या वेळी आमच्या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर बाडबिस्तरा बांधणे चालू असते. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, अशा हिशेबाने टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. चार-सहा महिने पाचटाच्या खोपीत संसार. अशा घरातले एखादे पोर अंगाने बरे निघते, जत्रेत दोन नारळ जिंकते, आणि बापाच्या डोक्यात किडा शिरतो, की याला पैलवान करू. मग पोराला तालमीत ठेवायचे. त्याला दूध, तूप, बदाम, थंडाई. आणि बापाला फडावर कोरडी भाकर. उचलीतले पैसे तालमीच्या खानावळीत जातात. एक वर्ष नव्हे, पाच वर्षे, सात वर्षे. त्या बापाला कुस्तीचे राजकारण कळत नाही. त्याला एवढेच ठाऊक असते, की वर चढत जाणारी एक शिडी आहे. गाव, तालुका, जिल्हा, राज्य. पोर पायरी पायरीने चढले तर शेवटच्या पायरीवर एक गदा आहे, आणि गदेच्या पलीकडे त्याच्या हातातून कोयता सुटण्याची आशा आहे.

कारभाऱ्यांनी त्या बापाच्या शिडीचे दोन तुकडे केले आहेत. आता त्याच्या पोराने कोणत्या शिडीवर चढायचे? एका गटाच्या जिल्हा निवडीला गेला तर दुसऱ्या गटाचा दरवाजा उघडा राहील याची हमी कोण देणार? आणि पोर जर ५७ किलोंचे निघाले, म्हणजे खाशाबांच्या आणि राहुलच्या वजनाचे, तर त्याला आधी वजन वाढव म्हणून सांगायचे, की जगाचे मैदान मार म्हणून सांगायचे? दुष्काळी भागातल्या पोरांची हाडे बहुधा हलकीच निघतात. आमच्या पोरांच्या वाट्याचा मानच आम्ही क्रमवारीतून वगळून ठेवला आहे.

माझे मागणे थोडे आहे, आणि कोणाच्याही खिशाला चाट लावणारे नाही.

पहिले, ज्या वर्षी दोन केसरी होतील त्या वर्षी ते वर्ष संपायच्या आत दोघांची जोड लावा. स्थळ तिसरेच असावे, आणि पंच बाहेरच्या राज्यातले असावेत. चित्रफीत पाहून दिलेला निर्णय कारणांसह त्याच रात्री जाहीर करावा. गाठ पडली नाही तर यादीत साताऱ्यासारखी रिकामी जागा सोडा. त्यात लाज नाही. लाज दोन नावे लिहिण्यात आहे.

दुसरे, प्रत्येक वजनाच्या विजेत्याला त्या वजनाचा केसरी म्हणून त्याच व्यासपीठावर, त्याच उजेडात, त्याच मानाने उभे करा. मार्च २०२३ मध्ये सांगलीस प्रतीक्षा बागडी ही पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा आकाश कोसळले नाही. उलट कितीतरी आयांनी आपल्या पोरींकडे नव्या नजरेने पाहिले असेल. मानाला नवी पायरी जोडता येते. ती योग्य जागी जोडा, एवढेच मागणे.

तिसरे, राज्याची क्रमवारी छापा. प्रत्येक वजनात पहिले दहा मल्ल, कोणी कोणाला केव्हा आणि कसे हरवले यासह. पिंजऱ्याचे मालक जे करतात ते तालमींचे पालक का करीत नाहीत?

आणि हे काहीच झाले नाही तर? तर एक गोष्ट आपल्या हातात आहे. फड शेवटी गावाचा असतो. जत्रेची वर्गणी तुमच्या-आमच्या खिशातून जाते, इनाम गावाची पंचकमिटी ठरवते. पंचकमिटीने ठरवावे, की ज्या वर्षी दोन केसरी तेथे वाद मिटेपर्यंत आमच्या कर्ण्यावरून कोणाच्याही नावामागे ती पदवी पुकारली जाणार नाही. मल्लाला पूर्ण मान द्या, पूर्ण इनाम द्या, पोटभर जेवू घाला. फक्त पदवी पुकारू नका. शंभर गावांनी असे केले तर दोन्ही गटांचे कारभारी आपोआप एका सतरंजीवर येऊन बसतील. पदवीची किंमत पुकारण्यात असते, आणि पुकारणारे आपण आहोत.

आमच्या गावाला हे ठाऊक आहे. धारूरचा किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानाने सोळाव्या शतकात उभारला. पुढे तो निजामशाहीकडे गेला, १६३१ साली मोगलांनी घेतला, आणि मोगली अमलात त्याचे नाव ठेवले फतेहाबाद, म्हणजे विजयाचे नगर. फर्माने निघाली असतील, शिक्के उठले असतील, दफ्तरांत ते नाव वळणदार अक्षरांत लिहिले गेले असेल. लोकांनी काय केले? लोक धारूरच म्हणत राहिले. आज त्या किल्ल्याच्या ढासळत्या तटावर शेरडे चरतात, आणि फतेहाबाद हे नाव इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागते. वरून दिलेली पदवी लोकांच्या तोंडी बसली नाही की तिचे असे होते. पातशहाचे जे झाले तेच परिषदांचे आणि संघांचे होईल.

त्या संध्याकाळी फडावरची शेवटची कुस्ती निकाली झाली. आमच्याच भागातला एक हलका पोरगा, नाव कोणाला नीट माहीत नाही, त्याने त्या केसरीच्या पठ्ठ्याला घिस्सा डावावर चितपट केले. लोक हौदात धावले, पोराला खांद्यावर घेतले, गुलाल उडाला. माझ्या शेजारचे म्हातारबाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले, कनवटीची दहाची नोट काढून पोराच्या हातात ठेवायला निघाले, आणि जाता जाता मला म्हणाले,

"हे बघा बाप्पा, इथं कोनता म्हनून इचारावं लागत न्हाई."